विहिरीची ओटी

आमच्या श्रीवर्धनकडे दारात आलेल्याला आधी चहा विचारतात, नाव मागाहून. वादळाच्या वर्षी तर नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झालेल्या, घरावरचे पत्रे उडालेले. झाडं कापायचं मशीन घेऊन जो येईल तो देवच वाटायचा. आमच्याकडे आला त्याला आम्ही ‘भाऊ’ म्हणायचो. पुढे पोलिसांनी त्याचं नाव विचारलं तेव्हा आम्ही मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. मेल्याला पडवीत पाटावर बसवून ऊन ऊन भात वाढला होता, आणि नाव ठाऊक नाही!

घरात आम्ही तिघीच. आई, मी आणि माझी मोठी बहीण. ताईचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला आणि ती माहेरी आली. फार हसरी होती हो. दुःखातसुद्धा कुणाची तरी नक्कल करून मला हसवायची. बदलली ती आई. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरायची वेळ आली, खण-नारळ बाहेर निघाला, की ताईला म्हणायची, “आत जरा दूध बघ गो.” दूध कधीच उतू जात नसायचं. मी चिडून भांडायचे. ताईच मला गप्प करायची. “असू दे गं, तिला चार लोकांत राहायचंय.”

त्या दुपारी आई आणि मी ताडपत्रीसाठी ग्रामपंचायतीसमोर रांगेत होतो. परत आलो तर ताई घरात नाही. तिच्या चपला नाहीत, पिशवी नाही. भाऊ मागच्या विहिरीत सुपारीची खोडं ढकलत होता. म्हणाला, “ताई मुंबईला जाते म्हणाल्या. गाडी आली होती कुणाची तरी.” विहीर वादळात ढासळली होती, पाणी खारट झालं होतं आणि ती बुजवायचं आधीच ठरलं होतं. म्हणून त्यात आम्हाला वावगं काही दिसलं नाही.

विहीर बुजवताना आमच्याकडे आसरांची ओटी भरतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांचं घर मोडतो, म्हणून त्यांची क्षमा मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जरीच्या काठाचा खण, तांदूळ आणि नारळ त्या खोडांवर सोडला, हळदकुंकू वाहिलं. “माझी पोर कुठे असेल तिथून सुखरूप घरी आण,” म्हणाली. भाऊ शेजारीच उभा होता. त्यानेसुद्धा हात जोडले. मग वर माती पडली.

ताई कधी आली नाही. फोन बंद. आई मला पोलिसांत जाऊ देईना. बोभाटा होईल म्हणे! बोभाटा व्हायचा तो झालाच होता. तरणीताठी विधवा, गेली असेल कुणाचा तरी हात धरून, असं पाणवठ्यापासून देवळापर्यंत सगळे बोलत होते. लोकांच्या जिभेला काही हाड? शेवटी मी एकटीच जाऊन तक्रार दिली.

तिथल्या पोलीसबाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. किनाऱ्यावरच्या आणखी काही गावांतून अशाच एकट्या बायका नाहीशा झाल्या होत्या, आणि प्रत्येक घराने लाजेपायी तोंड शिवून घेतलं होतं. आम्ही सगळे अब्रू झाकत बसलो आणि तो भाऊ मशीन घेऊन त्याच अब्रूच्या आडोशाने गावोगाव फिरला. काय म्हणावं आम्हाला! बाई वर्षानुवर्षं येत राहिल्या. चहा घ्यायच्या, कुणाकुणाचे फोटो दाखवायच्या. आई नाही म्हणून मान हलवायची आणि त्या गेल्या की फाटकाची कडी परत काढून ठेवायची. ताई आली तर तिला थांबावं लागू नये. बुजवलेल्या विहिरीच्या जागेवर ऊन चांगलं यायचं, तिथे ती आमसुलं वाळत घालायची.

यंदा एका गावात त्याने एका बाईवर हात टाकला, तर तिने कोयता उगारून गाव गोळा केला. तिथेच धरला त्याला. मग तो एकेक जागा दाखवत सुटला. आमच्या वाडीत आला तेव्हा त्याने नुसती हनुवटी उडवली. आमसुलांच्या दिशेने. मी दगड उचलला होता, पोलिसांनी माझा हात धरला. अजून वाटतं, धरायला नको होता.

खणताना आधी कुजलेली खोडं लागली. त्यांच्यातून नारळाची करवंटी निघाली आणि जरीच्या काठाची चिंधी. पोलीसबाईंना वाटलं, हा मेला बायकांना मारून वर काही करणीबिरणी करत होता. ती चिंधी घेऊन त्या पडवीत आल्या आणि विचारलं, “हे आत कुणी टाकलं, माहीत आहे?”

“मी,” आई म्हणाली. “ओटी भरली होती.”

तेवढ्यात मागून कुणीतरी बाईंना हाक मारली. खोडांच्या खाली ताईची चप्पल दिसली होती.

आई रडली नाही. त्या चिंधीवरची माती तिने बोटाने पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “नवरा गेल्यावर मी तिची ओटी एकदासुद्धा भरली नाही गो.” आईने बाईंचा हात धरला आणि विचारलं, “मी ओटी भरली तेव्हा ती आत जिवंत होती का हो?”

बाई लगेच म्हणाल्या, “नाही आई. नव्हती.”

त्यांना खरंच ठाऊक होतं की नाही, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.