दाराचं मूळ रंगरूप

गावच्या घराची डागडुजी काढून चार महिने झाले. कौलं उतरवून पुन्हा चढवली, कुजलेले वासे बदलले. आता फक्त पुढचं दार उरलंय. रंगारी दत्ताराम ते पत्र्यानं खरवडतोय आणि मी पायरीवर नुसता बसलोय.

आम्हा तिघा भावंडांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. घर होतं तसंच करायचं.

चॉकलेटी रंगाखालून निळा निघाला. माझ्या लहानपणी दार निळंच होतं. मी लगेच फोटो पाठवला. "छे, हिरवं होतं," ताईचा फोन आला. निळ्याखाली खरंच हिरवा निघाला. सगळ्यांत मोठ्या दादाला त्याच्याही खालचा पिवळा आठवत होता. म्हणजे चार महिने आम्ही एका घरासाठी वाद घालत होतो आणि प्रत्येकाच्या मनातलं घर मात्र वेगळं होतं.

पिवळ्याखाली तांबूस, कोरं फणसाचं लाकूड लागलं. ते आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

"असंच राहू दे," मी म्हणालो.

"पावसात कुजेल, भाऊ. कुठला तरी रंग मारायलाच हवा. बोला, कुठला?"

पुन्हा दोन फोन करायचं त्राण माझ्यात नव्हतं. "तुमच्याकडे उरलेला असेल तो लावा."

दत्तारामनं राखाडी रंगाचा अर्धा डबा उघडला. बाबांनीही तो निळा असाच निवडला असेल, याच पायरीवर बसून.