आदिनाथची गाडी आणि दिनकररावांचा रस्ता

दिनकररावांना राग यायला कारण लागत नाही, असं लिंबेवाडगावात कुणी सांगितलं तर ते खोटं समजावं. कारण लागतं, आणि ते कारण कित्येक वर्षांपासून एकच आहे. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता.

गंगाखेडहून सोनपेठकडे जाताना हा फाटा लागतो. एसटी तिथं थांबते, माणसं उतरवते आणि निघून जाते. तिथून गाव चार किलोमीटर आत, गोदावरीच्या बाजूला. सगळं काळं रान. उन्हाळ्यात रस्त्यावर घोटाभर फुफाटा असतो, पण चालता येतं. एकदा पाऊस लागला की ती माती अशी काही धरते की पाय वर येतो आणि चप्पल खालीच राहते. मधे एक ओढा आहे, त्याच्यावर पूल नाही. कारखान्याचा ऊस दिवाळीनंतर निघतो, तोवर रस्ता वाळलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यातल्या चिखलाचं गावाबाहेरच्या कुणालाच काही पडलेलं नव्हतं.

दिनकरराव वीस एकराचे मालक. विहिरीला पाणी, घरात दोन म्हशी, कुणाकडं हात पसरायची वेळ नाही. पण रस्त्याच्या नादानं त्यांचे पाय निम्मा जन्म सरकारी कचेऱ्यांत झिजले. सोबतीला सिद्धोधन होता. तो पूर्णा जंक्शनला रेल्वेत नोकरी करून गावी परतलेला, शांत डोक्याचा. अर्ज सिद्धोधननं लिहायचा आणि साहेबासमोर आवाज दिनकररावांनी चढवायचा, अशी त्यांची वाटणी होती. एका पावसाळ्यात तर दिनकररावांनी रस्त्यातला चिखल टोपल्यात भरला, ते टोपलं एसटीतून गंगाखेडला नेलं आणि साहेबाच्या टेबलावर पालथं घातलं. अर्धा दिवस पोलीस ठाण्यात बसावं लागलं. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, सुमनबाईनं, धोतर भिजत घातलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा आदिनाथ. गंगाखेडला त्याचं ठिबकच्या नळ्यांचं आणि पाइपांचं दुकान आहे, धंदा चांगला चालतो. त्याची बायको राजेश्री तिथल्याच एका शाळेत शिकवते. दोघं रोज गावातून जाऊन येऊन करत. गंगाखेडला बिऱ्हाड करायचं दोनदा ठरलं आणि दोनदा सुमनबाई रडली म्हणून राहिलं.

मागच्या पाडव्याला आदिनाथनं परभणीहून गाडी आणली. उंच, चौकोनी, मळणीयंत्रासारखी दणकट. डोंगर चढते, नाला उतरते, चारही चाकांना एकदम जोर लावते, असं तो सगळ्यांना सांगत होता. गाव बघायला लोटलं. सुमनबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. दिनकरराव गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी किंमत विचारली. आकडा वीस लाखांच्या घरातला निघाला.

"एवढ्यात फाट्यापस्तोर खडी पडली असती," दिनकरराव म्हणाले.

"खडी टाकणं सरकारचं काम हाय, आबा," आदिनाथ म्हणाला. "गाडी घेणं माझं."

दिनकरराव उठून गोठ्यात गेले. त्या गाडीत ते बसले नाहीत. सुमनबाईनं पुष्कळ सांगून पाहिलं, पण ते आपले एसटीनंच जात राहिले.

पाऊस लागला आणि गाडीचा खरा बोलबाला झाला. गुडघाभर चिखलातून ती गुरगुरत जायची. ओढ्याला पाणी असलं तरी आत उतरायची आणि पलीकडं चढायची. पोरं मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढत. गावातल्या दोघा-तिघांनी तर तशीच गाडी घ्यायची बोलणी सुरू केली. पैसा वसूल आहे, यावर पारावर एकमत झालं. दिनकररावांनाही मनातल्या मनात मान्य करावं लागलं की विकणाऱ्यानं फसवलेलं नाही. जे सांगून विकली ते गाडी करते. आणि तेच त्यांना जास्त झोंबत होतं.

सिद्धोधननं एक दिवस त्यांना रस्त्यावर नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेनं एक चिंचोळी, जराशी टणक पट्टी होती. तिच्यावरून गाव पावसाळ्यात चालायचं. बाया रानात जायच्या, पोरं शाळेत जायची, दुधाची मोटारसायकल सावकाश निघायची. गाडीची रुंद चाकं ती पट्टी खाऊन गेली होती. दोन्ही बाजूंना मांडीइतक्या खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि त्यांत पाणी साचलं होतं. दिवसातून चार वेळा गाडी जायची आणि चार वेळा त्या चाकोऱ्या खोल व्हायच्या.

दिनकररावांनी घरी विषय काढला. आदिनाथ म्हणाला, माती ओली आहे तोवर असं होणारच, दिवाळीला ट्रॅक्टर लावून सपाट करून देतो. त्याला ते खरंच एवढंच वाटत होतं.

श्रावणात एक मोठी गोष्ट जुळून आली. दोन वर्षं मागं लागल्यावर रस्त्याच्या खात्याचा इंजिनीअर भर पावसाळ्यात पाहणीला यायला तयार झाला. याआधी जो तो साहेब उन्हाळ्यात यायचा, फुफाट्यातून गाडी हाकायचा आणि ठीक आहे म्हणून जायचा. या वेळी त्याला फाट्यावर गाडीतून उतरवायचं आणि गावापर्यंत चालवत आणायचं, असं दिनकररावांचं आणि सिद्धोधनचं ठरलं. त्या आनंदात दिनकरराव सकाळीच चिखल तुडवत फाट्यावर जाऊन बसले.

इंजिनीअर आला आणि त्याच सुमारास, दुकान उघडायच्या आधी शाळा भरते म्हणून राजेश्रीला एसटीला सोडायला, आदिनाथ गाडी घेऊन तिथं पोचला. साहेब आपल्या गावाला आलाय, त्याच्या बुटाला चिखल कशाला, असा साधा विचार त्यानं केला. त्यानं दार उघडून साहेबाला बसा म्हटलं आणि साहेब बसलासुद्धा. दिनकररावांच्या तोंडातून शब्द निघायच्या आत सिद्धोधनही मागं चढला, साहेबाला एकटं सोडायला नको म्हणून. दिनकरराव मात्र पायीच निघाले.

ते ओढ्यापर्यंत पोचतात तोवर साहेब गावात चहा घेऊन परत निघाला होता. गाडी त्यांच्याजवळ थांबली, काच खाली झाली.

"काका, गाडी जबरदस्त घेतलीय तुमच्या मुलानं," इंजिनीअर हसून म्हणाला. "किंमत वसूल आहे. आणि रस्ता तसा चालू आहे की तुमचा. थोडा ओला आहे, एवढंच."

गाडी निघून गेली. दिनकररावांच्या धोतरावर कमरेपर्यंत चिखल उडाला होता. मागल्या बाकावर बसलेल्या सिद्धोधननं वळून पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या संध्याकाळी दिनकरराव आदिनाथला बोलले ते सगळ्या आळीनं ऐकलं. आपलं काय चुकलं हे आदिनाथला कळत होतं आणि कळतही नव्हतं. महिन्याभरानं कचेरीत चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की लिंबेवाडगावचा रस्ता यंदाच्या कामांत नाही. तिथं वाहतूक सुरळीत सुरू असल्याचं पाहणीत दिसलंय. दिनकरराव त्या दिवशी जेवले नाहीत. सुमनबाई ताट घेऊन दोनदा आली, दोनदा परत गेली.

आणि मग भादव्यात चंद्रभान पडला.

चंद्रभान गावातलं दूध गोळा करून गंगाखेडला नेतो. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधलेले असतात. त्या सकाळी पुढचं चाक चाकोरीत उतरलं, मोटारसायकल आडवी झाली आणि भरलेल्या कॅनसकट त्याच्या पायावर पडली. नडगीचं हाड मोडलं. गावातलं सगळं दूध त्या चाकोरीतल्या पाण्यात गेलं. आदिनाथला कळताच तो धावला, चंद्रभानला उचलून गाडीत घातलं आणि चिखलातून, ओढ्यातून सरळ गंगाखेडच्या दवाखान्यात नेलं. तिथं दिवसभर तो त्याच्याजवळ बसून राहिला.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. जो तो गाडीचं नाव काढत होता. बैलगाडीत घालून नेलं असतं तर पाय गेला असता, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते खरंही होतं. आदिनाथ थकला होता, पण त्याच्या तोंडावर समाधान होतं. तो वडिलांकडं वळला.

"आज तरी किंमत वसूल झाली का न्हाई, आबा?"

दिनकरराव बाजेवर बसले होते. नेहमीसारखा त्यांचा आवाज चढला नाही.

"चंद्रभान कुठं पडला?"

"रस्त्यात."

"रस्ता हाय कुठं? तुझ्या चाकोरीत पडला तो. तूच पाडलंस आन् तूच उचलून नेलंस, आन् वरून किंमत वसूल म्हणायलास. वीस लाख तू दिलेस, ते तुझे होते. त्या कडच्या पट्टीवरनं सारं गाव चालत होतं, ती कुणाला इचारून घेतलीस? साहेब चिखलात उतरणार होता, पहिल्यांदा उतरणार होता, त्याला उचलून बसवलंस. ह्या गाडीची किंमत तू भरलेली न्हाई, आदिनाथ. ती आमी भरायलाव."

आदिनाथ उठून उभा राहिला. तो काही बोलणार, तेवढ्यात दारात उभी असलेली राजेश्री पुढं आली. सासऱ्यांसमोर ती सहसा बोलत नसे.

"मामा, मागच्या पावसाळ्यात मी रोज फाट्यावर टपरीच्या मागं उभी राहून चिखलाची साडी बदलत होते," ती म्हणाली. "एका दिवशी तिथं माणसं आली, तवा हे रडले. त्याच्यासाठी ही गाडी घेतली. तुमाला सरकारचा राग आला, साहेबाचा आला. माझ्यासाठी कधी आला न्हाई."

अंगणातली माणसं हळूहळू उठून गेली. दिनकररावांना ही गोष्ट माहीत होती. सुमनबाईनं सांगितली होती. तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि अर्ज लिहायला सिद्धोधनकडं निघून गेले होते. आता त्यांना स्वतःचाच संताप आला. पण त्यानं चाकोऱ्या बुजणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, बैलगाडी जुंपली आणि गावाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवी लावली. बैल सोडून झाडाला बांधले आणि स्वतः जुवावर बसून राहिले. थोड्या वेळानं आदिनाथची गाडी आली. आत राजेश्री होती. आदिनाथनं भोंगा वाजवला नाही. शेजारच्या रानाचा बांध चढून त्याला सहज जाता आलं असतं, गाडी तेवढी होतीच. त्यानं चाकं बांधाकडं वळवली. इंजिन गुरगुरलं, पुढचं चाक बांधावर चढलंसुद्धा.

तेवढ्यात राजेश्रीनं दार उघडलं. ती खाली उतरली, चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि चंद्रभानच्या घरावरून, त्याच्या बायकोला दोन शब्द विचारून, फाट्याकडं चालू लागली. आदिनाथनं इंजिन बंद केलं.

बापलेकांचं बोलणं तिथून थांबलं. दोन दिवस ऊन पडलं तेव्हा आदिनाथनं गाडी फाट्यावर नेऊन उभी केली, आणि पावसाळा संपेपर्यंत ती तिथंच राहिली. गाव ते फाटा नवराबायको पायी जात, पुढं गाडीनं. टपरीच्या मागं दिनकररावांनी चार पत्रे ठोकून दार असलेली एक खोली करून दिली.

चंद्रभानला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी दिनकरराव आणि सिद्धोधन त्याला घरी आणायच्या आधी कचेरीत घेऊन गेले. प्लॅस्टर घातलेला पाय बाकावर ठेवून चंद्रभान साहेबाच्या दारासमोर बसला. दिनकररावांनी इंजिनीअरला बाहेर बोलावलं आणि रस्ता चालू आहे का, हे ह्याला विचारा म्हणाले. कचेरीतली माणसं बघायला गोळा झाली. इंजिनीअर चिडला, तोंडाला येईल ते बोलला, पण शेवटी पुन्हा पाहणीची तारीख देऊन बसला.

त्या तारखेला पाऊस होता. फाट्यावर उतरल्याबरोबर इंजिनीअर सरळ आदिनाथच्या गाडीकडं गेला. आदिनाथ गाडीला टेकूनच उभा होता.

"साहेब, ही ह्या रस्त्यावर चालवत न्हाई आता," तो म्हणाला. "पायीच जावं लागंल."

इंजिनीअर चालला. अर्ध्या वाटेत त्याचा एक बूट चिखलात राहिला, तो सिद्धोधननं काढून दिला. ओढ्यापाशी पाणी बघून तो थांबला आणि तिथूनच माघारी वळला.

दिवाळीनंतर मंजुरी आली. फाट्यापासून ओढ्यापर्यंत. साहेब जिथवर चालला होता, बरोबर तिथवर. ओढ्यावरचा पूल आणि पलीकडचा गावापर्यंतचा तुकडा पुढं कधीतरी बघू.

काम सुरू झालं आणि दिनकरराव कुदळ घेऊन रोज तिथं हजर राहू लागले. एक दिवस त्यांनी नुकताच दाबलेला मुरूम उकरायला घेतला. बोटभर थराखाली काळी माती लागली. त्यांनी ठेकेदाराला हाक मारली आणि त्याला, त्याच्या साहेबाला, साऱ्या खात्याला शिव्या देत आणखी एका जागी उकरलं, मग आणखी एका. ठेकेदारानं खिशातून मोबाइल काढला आणि पोलिसांना बोलावतो म्हणाला. दिनकररावांना दम लागला होता, कुदळ नीट उचलत नव्हती.

आदिनाथ दुकानातून घरी चालला होता. तो थांबला, उकरलेले खड्डे पाहिले, गाडीतून खाली उतरून बोटानं थर मोजला. मग वडिलांच्या हातातली कुदळ त्यानं घेतली.

"आबा, बाजूला व्हा," तो म्हणाला आणि उकरायला लागला.

दिनकरराव बाजूला झाले. दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्यांनी ठेकेदाराच्या सदऱ्याला धरलं.