वडा संपलाय, चटणी आहे

आमची बैठक जमली की घरातून आधीच फर्मान सुटतं, "जेवणं उरकल्यावर बोला बाबांनो!" कारण आम्ही कबड्डीच्या गोष्टी काढल्या की ऐकणाऱ्याची भूक मरते. किती कप जिंकले, कुणाची पकड कुणी केली, सगळं विसरलोय. पण कुठल्या मैदानावर काय गिळावं लागलं, ते तोंडपाठ! असले किस्से गोळा करायला वेगळे कष्ट लागत नाहीत. उपाशीपोटी जिल्हाभर हिंडलं की आपोआप साठतात.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची ही गोष्ट. नगरला लागूनच असलेल्या नागापूरला नुकत्याच कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि आम्ही तिथले रोजंदारीवरचे गडी. शब्बीर आमचा कॅप्टन. नाना मॅनेजर, म्हणजे वयानं मोठे आणि पिशवी सांभाळणारे. मी कोपऱ्यात पकडीला. आणि चढाईला रघू.

रघूचं लग्न अडलं होतं. मुलीचा बाप म्हणायचा, "पोरगा चांगला हाय, पण नोकरी कायमची पायजे." त्या काळात साखर कारखाने चांगल्या खेळाडूला कायम नोकरीत चिकटवून टाकायचे. तेव्हा एखाद्या साहेबानं आपला खेळ बघावा, एवढ्याच आशेवर रघू खेळायचा. भानगड एकच. आम्ही वजनी गटात खेळायचो आणि रघू काट्यावर अगदी कडेला. त्यामुळे वजन होईपर्यंत तो पाणीसुद्धा जपून प्यायचा. वजन झाल्यावर खायला मोकळा, पण खायचं काय? मैदानावरचं!

*

कोपरगावला गेलो होतो. चहूकडे ऊस, चिमणीतून धूर, हवेत मळीचा वास. मैदानाच्या कडेला टपरी होती, तिथं चहा घेतला. पहिल्याच घोटाला शब्बीरनं तोंड वाकडं केलं.

"मामा, साखर टाकायची राहिली का?"

टपरीवाला शांतपणे कप विसळत म्हणाला, "साखर फॅक्टरीत मिळती. हितं च्या मिळतो!"

*

एकदा नगरमध्येच सामने होते. गावातलेच म्हणून संयोजकांनी आमच्या जेवणाची जबाबदारीच घेतली नाही. नाना भज्यांच्या गाडीवर गेले. नाना चौकस माणूस.

"भजी आजची आहेत का?"

"आत्ताची!"

"आणि तेल?"

"कालचं."

"आणि कालवलेलं पीठ?"

गाडीवाल्यानं झारा खाली ठेवला. "अहो, तुम्हाला खायचंय का पंचनामा करायचाय?"

रघूनं मात्र दोन प्लेट खाल्ल्या. त्याचं वजन झालेलं होतं ना!

*

मध्यंतराला खेळाडूंना लिंबाच्या फोडी द्यायची पद्धत होती. चोखलं की घशाला बरं वाटतं. एका गावी ताटलीत फोडी आल्या. शब्बीरनं एक उचलली, तोंडाजवळ नेली आणि थांबला.

"अहो, याला कुणीतरी आधीच दात लावलेत!"

ताटलीवाले गृहस्थ कार्यकर्ते होते, छातीला बिल्ला होता. जराही न लाजता म्हणाले, "आधीच्या मॅचचं हाय. घ्या, घ्या! लई चांगली टीम हुती!"

*

आणखी एके ठिकाणी मंडपात 'हॉटेल' होतं. सकाळी वजन झाल्या झाल्या मिसळीची ऑर्डर दिली. वाट बघितली. हाक मारली. "आलीच!" सामन्याला बोलावणं आलं म्हणून उठलो, खेळलो, हरलो, आंघोळी केल्या, पिशव्या बांधल्या. तेवढ्यात पोऱ्या नव्हे, खुद्द मालकच ताटं घेऊन धावत आला.

नाना कडाडले, "अहो, ऑर्डर दिली तेव्हा आम्ही स्पर्धेत होतो!"

मालक म्हणाला, "मग आता निवांत खावा की!"

*

आता जामखेडकडचं. सगळ्यांत भारी हेच.

त्या भागात पाण्याची तेव्हा भयंकर टंचाई, पण गावानं स्पर्धा भरवलीच. टपरी एकच होती, म्हणून पाहुण्या खेळाडूंना जेवायला घरोघर वाटून द्यायची त्यांची रीत. फायनलच्या दुपारी रघू आणि मी ज्या घरी गेलो, ते नेमकं समोरच्या संघातल्या दत्तूचं! संध्याकाळी ज्याच्याशी झुंजायचं, त्याच्याच आईच्या हातचं जेवायचं.

माउलीनं बाजरीच्या गरम भाकरी केल्या होत्या, शेंगदाण्याचं कालवण, वर लोण्याचा गोळा. त्या वर्षी लोणी कुठून पैदा केलं, देव जाणे. मी तुटून पडलो. मला वजनाची चिंता नव्हती. रघूनं ताटाला हात जोडले.

"मावशी, राग धरू नका. चार वाजता वजन हाय. आज साखर कारखान्याचं सायेब बघायला येणार हायेत. वजनात बसलो नाय तर नोकरी गेली आन् लगीनबी गेलं."

"आरं, एक घास तरी खा!"

"एका घासानं काटा हालंल, मावशी."

तिनं त्याचं ताट तसंच झाकून ठेवलं. तिचं तोंड असं उतरलं, की मीही हातातली भाकरी खाली ठेवली. आम्ही निघालो तर दारापर्यंत मागे आली आणि ओट्यावर बसलेल्या दत्तूला म्हणाली, "माझ्या दारातनं पोरगं उपाशी चाललंय रं."

चार वाजता आडतीवरच्या गोण्या मोजायच्या काट्यावर रघू चढला. बसला वजनात, अगदी काठावर! उतरला तो थेट टपरीकडे.

"वडा द्या."

"वडा संपलाय."

"मग काय आहे?"

"चटणी आहे!"

तसाच मैदानात उतरला. मला खरंच वाईट वाटत होतं. चढाईहून परतला की तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा. समोर खुर्चीत साहेब, गॉगल लावून. बायका एका अंगाला बसलेल्या, त्यात दत्तूची आई, मांडीवर फडक्यात काहीतरी बांधलेलं.

शेवटाला गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई रघूची. त्यानं एकाला शिवलं, वळला, आणि दत्तूनं मागून घोटा धरला. रघू तोंडावर आपटला. मधली रेघ हातभर लांब. 'कबड्डी, कबड्डी' म्हणतोय, पण दम संपत आलेला. शब्बीरनं डोळे मिटून घेतले. गेली नोकरी, असंच मला वाटलं.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "दत्त्या! सोड त्याला! उपाशी हाय त्यो!"

आणि दत्तूनं सोडला की हो! घरात आई ओरडल्यावर हातातली वस्तू जशी सुटते, तसा पाय सुटला. रघूचा पंजा रेघेवर पडला. शिट्टी!

मग जो गोंधळ झाला म्हणता! गावकरी पंचांना घेरून उभे. "ही काय मॅच हाय का? आईनं सोडवला त्याला!"

पंचांनी घाम पुसला. "नियमात आईबद्दल काही नाही. पॉइंट दिला."

दत्तू मान खाली घालून उभा. आणि गर्दीतून वाट काढत साहेब रघूपाशी आले. गॉगल काढला, खिशातून पेन काढलं.

"शाबास! नाव काय रे तुझं?"

रघूनं सांगायला तोंड उघडलं, तोच दत्तूच्या आईनं मधे घुसून लोणी लावलेल्या भाकरीचा तुकडा त्यात कोंबला आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "नाव मंग सांगंल त्यो. आदी खाऊ द्या त्याला!"