पहिला वाटा ओळखणाऱ्याचा

भुताखेतांचे किस्से मी फक्त टाइमपास म्हणून वाचते. नागपुरात बेसाला राहते, बँकेत नोकरी करते, आणि कुणाच्या अंगात आलं म्हटलं की आधी त्याचं बीपी तपासा म्हणते. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी चालेल... मीही हसले असते.

गेल्या आश्विनातली गोष्ट. आईचं माहेर कन्हान नदीकाठच्या एका छोट्या गावातलं, नागपूरहून गाडीने तासभर. तिथे इंग्रजांच्या काळातली सार्वजनिक बाग आहे. लोखंडी फाटक, आत चिंचेची झाडं, मधोमध पूर्वी बँड वाजायचा ती दगडी छत्री, आणि छत्रीच्या मागून नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. लहानपणी आई आणि तिची धाकटी बहीण, कमलमावशी, मोहल्ल्यातल्या पोरींसोबत या छत्रीत भुलाबाई, म्हणजे विदर्भातला भोंडला, मांडायच्या. गाणी झाली की खिरापतीचा बंद डबा हलवायचा, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. जी ओळखेल तिला पहिला वाटा.

बाकीच्या पोरी आज्या झाल्या, विसरल्या. या दोघींनी मात्र खेळ सोडला नाही. दरवर्षी मावशीला तिचा मुलगा तुमसरहून आणायचा, आईला मी न्यायचे. डबा आई भरायची, स्वयंपाकघराचं दार लावून. मलासुद्धा पत्ता लागू द्यायची नाही. मावशी दरवर्षी ओळखायची आणि आई दरवर्षी फुगून बसायची.

गेल्या वर्षी या भेटीच्या थोडं आधी मावशी गेली. झोपेतच. आईची तेव्हा नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली, म्हणून माझ्या दादाने ठरवलं — आईला इतक्यात सांगायचं नाही. मावशीचा फोन बिघडलाय, असं आम्ही सांगत राहिलो. ठरल्या दिवशी आई डबा भरून, चपला घालून दारात उभी! आता सांगणं भागच होतं. म्हटलं, निदान तिच्या आवडत्या जागी तरी सांगू. पण रस्ताभर तिच्या जिवाला हे झेपेल का, एवढंच डोक्यात.

बागेत पोचलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. फाटकाजवळ माळी पाइपने पाणी देत होता, बाकी कुणी नाही. आई छत्रीत जाऊन बसली. पाण्याची बाटली आणते म्हणून मी गाडीकडे गेले — खरं तर जरा रडून घ्यायला. परत येते तर डब्याची खडखड ऐकू आली. आई माझ्याकडे तोंड करून बसलेली, हातात डबा, ओठ मिटलेले. आणि तिच्या मागून, पायऱ्यांकडून, अगदी स्पष्ट...

"सुपाऱ्या टाकून फसवून राहिली काय वं ताई? शिंगाडे आहेत."

मावशीचा आवाज. बोलून झाल्यावर येणारा तिचा तो बारीक खोकलासुद्धा. मी धावत पायऱ्यांपर्यंत गेले. खाली नदी, बाकी चिटपाखरू नाही.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही घाबरले. नेहमीचं माणूस घरात यावं तसं वाटलं, खरंच सांगते. मी आईजवळ येऊन बसले. तिने डबा उघडला. उकडलेले शिंगाडे, आणि त्यांत दोन सुपाऱ्या.

पहिला शिंगाडा हातात घेऊन आई पायऱ्यांकडे पाहू लागली. मग शांतपणे म्हणाली, "कमल गेली ना?"

मी मान डोलावली. तुला कुणी सांगितलं, असं कसंबसं विचारलं.

"सांगाले कायले पाहिजे? तिनं ओळखलं, पण वाटा घ्याले आली नाही. जित्ती असती तर पहिला वाटा सोडला असता काय तिनं?"

मग ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, अगदी पोटभर. तिच्या जिवाला काही झालं नाही. निघताना तिने एक शिंगाडा नीट सोलून वरच्या पायरीवर ठेवला.

माळ्याला विचारलं, त्याने कुणाला येता-जाताना पाहिलं नव्हतं. माझा नवरा म्हणतो, आईच बोलली असेल. असेल... पण तिचे ओठ मी बघत होते, आणि मला भास झाला म्हणावं, तर डब्यात काय आहे ते मला तरी कुठे माहीत होतं? याचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि आता मी तो शोधतही नाही.

यंदा डबा मी भरणार आहे, दार लावून. आईने आधीच बजावून ठेवलंय, "सुपाऱ्या टाकू नको वं. तिले फसवलेलं चालत नाही."