पिवळ्या फितीची बाटली

टीव्हीवर पुरुषांची मॅरेथॉन चालली होती. कुठल्याशा परदेशी शहरातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. रस्त्याकडेच्या टेबलांवर धावपटूंच्या पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. घाईत आपली चटकन ओळखू यावी म्हणून प्रत्येकीवर काहीतरी खूण. कुणी कागदी फूल चिकटवलेलं, कुणी झेंडा लावलेला. सर्वांत पुढे असलेल्या उंच पोराने पिवळी फीत बांधलेली बाटली पळता पळताच उचलली, दोन घोट घेतले आणि बाजूला फेकून दिली. फितीसकट.

मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या पायांचा नव्हे. तसले पाय माझे कधीच नव्हते. पण कुणीतरी सकाळी बसून ती फीत बांधली असेल, गाठ घट्ट बसली का ते ओढून पाहिलं असेल, आणि या गड्याला त्याचं काहीच नाही! पुढच्या टेबलावरही आपली बाटली असणारच, ही त्याची खात्री मला बघवेना.

"बाबा, तुमची फिरायला न्यायची बाटली गळतेय हो," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सगळा ओटा ओला झालाय. टाकून देऊ? नवी आणलीय."

बागेत मित्रांच्या बाटल्यांत माझी मिसळू नये म्हणून बायकोने त्या बाटलीला लाल नाडी बांधली होती. ती गेली; नाडी आता विटून गुलाबी झालीय.

"नको," मी म्हणालो. "खाली ताटली ठेव."

पडद्यावर पुढचं टेबल आलं. पिवळी फीत तिथे होतीच.