तहानंतरचं पत्र आणि वडप्याची एसटी

"वडप्याला फिरायला कोण जातं?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी चपला घालत होते. मला टपालवाल्याच्या आधी पोचायचं होतं.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. भिवंडीच्या शाळेत नववी 'अ'ला इतिहास मी शिकवायची, 'ब'ला जाधवसर. सहामाहीला प्रश्न आला: १८१२मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात जुंपलेलं युद्ध कोण जिंकलं? माझ्या वर्गाने लिहिलं अमेरिका, त्यांच्या वर्गाने इंग्लंड. त्यावरून स्टाफरूममध्ये आमचं असं वाजलं की शिपाई कपबशा उचलून पळाला. त्याच तिरमिरीत शनिवारी मी संस्थेच्या अध्यक्षांना पत्र टाकलं. या माणसाला इतिहासाचा गंध नाही, त्याला नोकरीत कायम करू नये.

रविवारी जाधवसर स्वतःच घरी आले. म्हणाले, बाई, पुस्तकं चाळली, कुणीच जिंकलं नव्हतं. दोघांचे वकील युरोपात गेंट नावाच्या गावी बसले, चारपाच महिने घासाघीस केली आणि ठरलं काय, तर जो जिथे होता तिथे परत. आपणही दोन्ही वर्गांना मार्क देऊ. मी विरघळले, पोहे केले. खाताखाता ते म्हणाले, "गंमत बघा. तहाची बातमी जहाजाने जायची. ती पोचेपर्यंत तिकडे अमेरिकेत आणखी एक मोठी लढाई झाली. माणसं फुकट मेली." माझं शनिवारचं पत्रही अजून टपालातच होतं.

सोमवारी शाळा दुपारची. सकाळी स्टँडवर वडप्यावरून जाणाऱ्या पडघ्याच्या गाडीला उभी राहिले, तर शेजारी जाधवसर! अध्यक्षांना सहज भेटून येतो म्हणाले. कपाळ माझं! तिकीट दोनेक रुपये, खिडकीला काच नाही, तेव्हा डोक्याला रुमाल हवाच. गावाबाहेर पडेपर्यंत गाडी यंत्रमागांसाठी सूत गुंडाळलेल्या जाडजूड बिमांनी लादलेल्या टेम्पोमागे रखडली. जाधवसर माझ्याइतकेच घड्याळ बघत होते. महामार्गाला लागलं की दोन्हीकडे भातशेती. आता जाल तर ती शोधू नका, सगळी गोदामं झालीत. नाक्यावर भजी झकास मिळायची, पण मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

अध्यक्ष म्हणजे वडप्याचे जुने जमीनदार. ओटीवर बसले होते, मोतीबिंदू काढल्यामुळे डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात माझं पाकीट. त्यांनी ते सरळ जाधवसरांपुढे धरलं. "मास्तर, वाचा जरा. मना काय दिसत न्हाय."

धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. जाधवसरांनी पत्र मनात वाचलं. कान लाल झाले. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बाईंनी लिहिलंय, दोन्ही वर्गांना मार्क द्यावेत." आणि पत्र खिशात घातलं.

परतीच्या गाडीत मी रडतच माफी मागितली.

"माफी कसली, बाई? शनिवारी मीही टाकलंय एक. तुमच्यावर. तेच पकडायला आलो होतो. उद्या येईल."

मंगळवारी पुन्हा तीच एसटी. या वेळी पाकीट मी फोडलं. सुरुवातच होती, बाईंना पर्यवेक्षक करू नये. मी वाचलं, "बाई उत्तम शिकवतात, त्यांना पर्यवेक्षक करावं."

अध्यक्षांनी कागद चाचपले. "तीन पानात येवढाच?"

जाधवसर कायम झाले, मी पर्यवेक्षक झाले. ती तीन पानं मात्र घरी आणून दार लावून सगळी वाचली. नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही, पण निम्मं खरं होतं.