साडूंचा सात ठिकाणचा बॅकअप

अकोल्याच्या डोंगरापासून पाथर्डीच्या माळापर्यंत अख्खा नगर जिल्हा पालथा घाला, कॉम्प्युटरवर आमच्या साडूंइतका अविश्वास असलेला आणि त्याच कॉम्प्युटरवर पोट भरणारा दुसरा प्राणी सापडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नेवाशाला त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. दिवसभर व्हिडिओ कापायचे, जोडायचे आणि मिनिटामिनिटाला सेव्ह करायचं, हा त्यांचा संसार. लाईटचा भरवसा नाही म्हणून लागलेली ही सवय बोटांत इतकी मुरली आहे, की कंट्रोल आणि एस दाबायला त्यांना आता कीबोर्डही लागत नाही. एकदा एका दहाव्याला आम्ही शेजारी बसलो होतो. महाराज प्रवचनात रंगले होते आणि साडूंची दोन बोटं माझ्या मांडीवर टकटक चालली होती. मी डोळे वटारले, तर कानात म्हणतात, "चांगलं वाक्य हुतं, पाव्हणं. म्हटलं जायला नको."

बरं, सेव्ह करताना दर वेळी नवं नाव. 'लाईट गेली', 'लाईट आली', 'नवरदेव रुसला', 'मामा कापला'. मग मुलीच्या मामाचा दमदाटीचा फोन आला, की त्याखाली 'मामा परत घेतला'. प्रोजेक्ट उघडायचा म्हणजे तर सोहळाच. साडू चपला काढणार, हात जोडणार आणि पडद्यावरची ती पट्टी भरेपर्यंत खोलीत कुणी शिंकायचं नाही. शिवाय एकेका प्रोजेक्टचा बॅकअप सात पेनड्राईव्हवर! एक देव्हाऱ्यात, एक गव्हाच्या कोठीत, एक नगरला माझ्या कपाटात, बाकीचे कुठे ते त्यांनाच ठाऊक. कोठीतला एकदा दळणाबरोबर गिरणीत गेला, तो गिरणीवाल्याने जात्यात पडता पडता वाचवून घरपोच केला. मेहुणीने त्या दिवशी साडूंचा जो उद्धार केला, तो मात्र कुणी शूट केला नाही. फार हळहळ वाटते.

तर अशा या माणसाचा घात झालाच. पाथर्डीकडच्या एका ऊसतोड करणाऱ्या जोडप्याच्या लेकीचं लग्न साडूंनी उन्हाळ्यात शूट केलं होतं. व्हिडिओ आज देतो, उद्या देतो करत दसरा उलटला आणि मुलीचा बाप दारात उभा. "परवा सकाळी टोळीचा ट्रक निघतोय, दादा. सहा महिने पोरगी दिसायची न्हाई. तिची आई रोज इचारती. तेवढं मोबाईलात टाकून द्या."

"उद्या घिऊन जा," साडू ऐटीत म्हणाले. मी नेमका तिथेच होतो. चपला निघाल्या, हात जुळले, पट्टी भरली आणि पडदा लालभडक! नावं जागेवर, कापाकापी जागेवर, चित्र एकही नाही. झालं होतं असं, की मध्यंतरी डिस्क भरली, तेव्हा साडूंनी मूळ शूटिंग बिनधास्त उडवलं होतं. कॅमेऱ्याचं कार्डही पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं. त्यांची ठाम समजूत, की प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे त्यात लग्न आलंच. अहो, प्रोजेक्टमध्ये नुसतं कुठला तुकडा कुठे लावायचा एवढंच लिहिलेलं असतं! इतकी वर्षं व्हिडिओ दिल्यावरच शूटिंग पुसत होते, म्हणून निभावलं होतं. साती पेनड्राईव्ह उघडले, माझ्या कपाटातला परत द्यायला मी आणलाच होता, तोही. सातांतही लाल.

मला हसू आवरेना. पण साडूंचा चेहरा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. "त्या माउलीला काय सांगू?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी मोटरसायकल काढली. मी मागे बसलो. दीड दिवस आम्ही वऱ्हाडी हुडकत गावोगाव फिरलो आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलमधलं लग्न गोळा केलं. कुठे अर्ध्या चित्रावर अंगठा, कुठे नवरीऐवजी मांडवाचा पंखा. कापलेले सगळे मामा त्यात होते. गाणी चढवायला वेळच उरला नाही. जसं होतं तसं जोडलं आणि ट्रक सुटायच्या आधी जेमतेम पोचलो.

ट्रकवर भांडीकुंडी चढली होती. नवरीची आई चाकाशी उभी राहून मोबाईलात टाकून दिलेला व्हिडिओ बघू लागली. साडू मान खाली घालून माफी मागायच्या तयारीत. मध्येच व्हिडिओतली हळद लावलेली लेक गर्दीतून मागे वळून ओरडली, "आये, तू जेवलीस का गं?"

बाई थबकली. "पुन्हा लावा," म्हणाली. पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. "जेवले न्हवते मी," ती मोबाईलला म्हणाली, "खोटंच सांगितलं हुतं." मग साडूंकडे वळली. "गानी न्हाई घातली, लई बरं केलं, दादा. तिचं बोलनं शाबूत ऱ्हायलं."

ट्रक हलला. वर सामानावर बसलेली ती बाई आता मोबाईल बघत नव्हती, तिने तो कानाला लावला होता.